जुन्या गाडीचं इग्निशन मॉड्यूल घरीच बदलायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडिलांची जुनी कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी आहे, मॉड्यूल (कॉइलचा करंट चालू-बंद करून ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, आतच. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते, पण घाटात इंजिन तापलं की अचानक बंद. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की जणू काही झालंच नव्हतं! बंद पडल्यावर प्लग काढून इंजिनला टेकवून पाहिला, ठिणगी नाही. पेट्रोल व्यवस्थित येतंय. कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणारी) बदलली, पैसे गेले, फरक शून्य.

आता नवं मॉड्यूल आणलंय. दुकानदार म्हणतो, मागे साधं ग्रीस चोपडा. मला पटत नाही. मॉड्यूलची उष्णता खालच्या धातूत उतरायला थर्मल पेस्टच हवी ना? कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावतात ती चालेल का?

दुसरं, डिस्ट्रिब्युटर जागचा न हलवता नुसते स्क्रू काढून मॉड्यूल निघालं, तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) परत लावावं लागणार नाही असं धरून चाललोय. बरोबर? आणि पिकअप कॉइलही (डिस्ट्रिब्युटरमधली, मॉड्यूलला ठिणगीचा इशारा देणारी) तापल्यावरच दगा देऊ शकते म्हणे. ती गरम असतानाच मल्टिमीटरने कशी तपासायची?

रविवारी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून कामाला बसतोय, त्याआधी सांगाल तर बरं.