प्रति: पत्रकारितेला सिद्धान्त कशाला?

‘पत्रकारिता शिकायची तर सिद्धान्तात वर्षं घालवण्यापेक्षा थेट वृत्तपत्राच्या संपादकीय डेस्कवर बसा’ हे मत अर्धंच पटलं. मथळा देणं, बातमीचा मजकूर कापणं हे डेस्कवरच कळतं, वादच नाही. पण १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मॅककोम्ब्स आणि शॉ या माध्यम-संशोधकांनी अमेरिकेतल्या चॅपल हिल गावातल्या मत न ठरलेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते, असं विचारलं. उत्तरांचा क्रम माध्यमांनी लावून धरलेल्या विषयांशी जवळपास तंतोतंत जुळला. १९७२ साली छापून आलेला हा अभ्यास वाचला की पहिल्या पानावर काय घ्यायचं, हा निर्णय हलका वाटत नाही. (संदेश पाठवणाऱ्याकडून घेणाऱ्यापर्यंत कसा पोचतो, हे दाखवणारं शॅननचं मॉडेल मात्र बहुतेक जण परीक्षेपुरतंच घोकतात.) पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना विभागाचं प्रायोगिक वृत्तपत्र नियमित निघतं का, ते बघा. आणि माध्यम कायद्याचा पेपर ऐच्छिक असला तरी घ्याच, अब्रुनुकसानीची नोटीस नवख्या बातमीदारालाही येते.