अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना अपस्मार कसा शिकवावा? हाताशी फक्त सहा तास

पलासिया_मेडिसिन

नमस्कार मंडळी. इंदूरच्या एका कॉलेजात मेडिसिन शिकवते. अंतिम वर्षाची १२ जणांची बॅच आहे आणि अपस्मारासाठी दोन-दोन तासांची तीन सत्रं मिळाली आहेत. मुलांना पाठांतर भरपूर आहे. आयएलएईचं (अपस्मारावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं) २०१७ चं वर्गीकरण फळ्यावर काढून दाखवतात. पण ओपीडीत "चक्कर आया और गिर गया" म्हणणारा पेशंट समोर बसला की प्रश्न विचारायच्या आधीच कागदावर सीटी, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) आणि झटक्याची गोळी लेव्हेटिरॅसिटॅम ५०० दिवसातून दोनदा उतरलेलं असतं.

आमच्याकडे साधा ईईजी आहे, व्हिडिओ-ईईजी नाही. पेशंट धार, झाबुआ, खरगोन, बडवानीकडचे; ज्यानं झटका पाहिला तो बहुतेक वेळा सोबत आलेलाच नसतो. या सहा तासांत काय घ्यावं, काय सरळ सोडून द्यावं, आणि शेवटी परीक्षा कशी घ्यावी?

न्यूरो_मल्हारगंज

मॅडम, पहिली दोन तासांची बैठक फक्त हकीकत काढण्यासाठी ठेवा. वर्गीकरण, ईईजी, गोळ्यांची नावं त्या दिवशी काढूच नका. अपस्माराचं निदान प्रामुख्याने पाहणाऱ्याच्या तोंडून होतं आणि मुलं नेमकी तिथेच घाई करतात.

पाहणारा गावी असेल तर ओपीडीतूनच त्याला फोन लावायचा, ही सवय आधी लावा. "दौरा कैसा था" असं विचारलं तर "मिर्गी आई थी" एवढंच उत्तर मिळतं, म्हणून आधी, चालू असताना आणि नंतर असे तीन तुकडे पाडून विचारायचं. आधी तो उभा होता, बसला होता की झोपेत होता? उपाशी, उन्हात, रांगेत? डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला, की पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं झालं? चालू असताना "आँखें खुली थीं कि बंद?" हा प्रश्न सोडायचा नाही. मोठ्या झटक्यात डोळे सहसा उघडे असतात. घट्ट मिटलेले, डोकं या बाजूहून त्या बाजूला हलतंय, मध्येच थांबून पुन्हा सुरू होतंय, असं बराच वेळ चाललं असेल तर मानसिक कारणाच्या झटक्याचा विचार करावा. मात्र एका खुणेवर शिक्का मारायचा नाही, कारण फ्रंटल लोबचे (मेंदूच्या पुढच्या भागातले) झटकेही फार विचित्र दिसतात. मान आधी कुठे वळली, आधी ताठ झाला की आधी थरथरला, चेहरा पांढराफटक होता की निळसर, हेही विचारून घ्यावं. नंतरचा भाग मुलं हमखास विसरतात: माणसं ओळखायला किती वेळ लागला, जीभ कडेला चावली होती का, दुसऱ्या दिवशी अंग ठणकत होतं का.

कपड्यात लघवी झाली म्हणजे अपस्मार, हा समज पहिल्याच दिवशी काढून टाका. साध्या घेरीतही लघवी होते. घेरीत पडल्यावर काही सेकंद हातपाय उडतातही, पण तो माणूस लगेच भानावर येतो.

वेळ मोजायची एक युक्ती आहे. पाहणारे घाबरलेले असतात, दीड मिनिटाचं दहा मिनिटं सांगतात. त्यांना म्हणायचं, "डोळे मिटा, सगळं पुन्हा आठवा, सुरू झालं की बोला, थांबलं की बोला." आपण घड्याळ पाहायचं. शिवाय झटका हातांनी करून दाखवायला सांगायचं. शब्दांत जे सापडत नाही ते हातांत लगेच दिसतं. पुढच्या वेळी मोबाइलवर चित्रण करा, चेहरा आणि दोन्ही हात दिसू द्या, अंगावरचं पांघरूण काढा, एवढंही घरच्यांना सांगायला शिकवावं.

पंधरा-वीस वर्षांच्या मुलामुलीला मोठा झटका आला असेल तर न चुकता विचारा: सकाळी उठल्या उठल्या हात उडतात का, चहाचा कप किंवा ब्रश हातून निसटतो का, जागरणानंतर वाढतं का? हे कुणी आपणहून सांगत नाही, त्यांना तो धांदरटपणा वाटतो. ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी (किशोरवयातला हात उडवणारा अपस्मार) इथेच निसटते. मग कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू होतं आणि उडणं आणखी वाढतं.

उरलेल्या वेळात "हा झटका कशामुळे चिथावला गेला" एवढंच घ्या. साखर, सोडियम, कॅल्शियम, अचानक सोडलेली दारू, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, ताप आणि मानेचा ताठरपणा. गरोदर बाई असेल तर एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीचे झटके) समजूनच पुढे जायचं आणि मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं. पहिल्या झटक्याच्या प्रत्येक पेशंटचा १२ लीडचा ईसीजी काढून क्यूटी (त्यातल्या ठोक्याच्या लहरींमधलं एक अंतर) मोजायचा; हृदयाच्या ठोक्यातला दोष अपस्मार समजून वर्षानुवर्षं गोळ्या खात राहणं जिवावर बेततं. हे सगळं झाल्यावर २०१४ ची व्याख्या सांगा: २४ तासांपेक्षा जास्त अंतराने विनाकारण आलेले दोन झटके, किंवा एक झटका आणि पुढच्या १० वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता किमान ६० टक्के. म्हणजे एका झटक्यानंतर गोळी सुरू करायचीच असं नाही, हे मग मुलांना आपोआप पटतं.

कॅज्युअल्टी_रात्रपाळी

सरांच्या पहिल्या सत्राला हात लावू नका. दुसरं सत्र मात्र स्टेटसचं (न थांबणाऱ्या झटक्याचं) ठेवा आणि ते वर्गात न घेता स्किल लॅबमध्ये, रिकामी अँप्यूल्स आणि सिरिंज हातात देऊन घ्या.

पाच मिनिटं झाली तरी झटका थांबत नाही म्हणजे स्टेटस. तीस मिनिटांची वाट पाहायची नाही. कूस, ऑक्सिजन, ग्लुकोमीटर, शिरेची लाइन हे सगळं पहिल्या पाच मिनिटांतच व्हायला हवं. दारू पिणारा असेल तर ग्लुकोजच्या आधी थायमिन १०० मिग्रॅ.

पुढे ६० किलोचा माणूस धरून गणित फळ्यावर करायला लावा. लोराझेपाम ०.१ मिग्रॅ प्रति किलो, एका वेळी जास्तीत जास्त ४ मिग्रॅ, गरज पडली तर एकदाच पुन्हा. लाइन मिळत नसेल तर ती शोधत बसायचं नाही, मिडॅझोलाम १० मिग्रॅ मांडीच्या स्नायूत. इथे एक खोच आहे: मिडॅझोलामच्या वायलवर मिलीला १ मिग्रॅ लिहिलेलं असेल तर १० मिग्रॅ म्हणजे १० मिली, एवढं स्नायूत देता येत नाही. मिलीला ५ मिग्रॅचं औषध हवं. ट्रॉलीत नक्की कुठलं आहे ते मुलांनी आधीच वाचून ठेवलं पाहिजे.

एवढ्याने झटका थांबला नाही तर दुसऱ्या पायरीवर सगळ्यात मोठी चूक कमी डोसची. "फेनिटॉइन दोन अँप्यूल स्टॅट" हे अगदी सर्रास लिहिलं जातं. २० मिग्रॅ प्रति किलोने ६० किलोला १२०० मिग्रॅ लागतं, म्हणजे १०० मिग्रॅची बारा अँप्यूल्स! मुलांना ती बारा खरोखर टेबलावर मांडायला लावा, आकडा कायमचा बसतो. फक्त नॉर्मल सलाइनमध्ये घालायचं, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे कण धरतात. वेग मिनिटाला ५० मिग्रॅच्या वर नाही, म्हणजे किमान २४ मिनिटं, म्हाताऱ्यांत याहून हळू. मॉनिटर लावलेला हवा, बीपी पाहत राहायचं. लाइन चांगल्या मोठ्या शिरेत हवी. हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेतून बाहेर झिरपलं तर हात जांभळा पडून सुजतो.

लेव्हेटिरॅसिटॅम ६० मिग्रॅ प्रति किलो, कमाल ४५०० मिग्रॅ. ६० किलोला ३६०० मिग्रॅ, ५०० मिग्रॅच्या वायलनी सात वायल आणि आठवीतून एक मिली. व्हॅल्प्रोएट ४० मिग्रॅ प्रति किलो, कमाल ३०००. २०१९ च्या ईसेट चाचणीत लेव्हेटिरॅसिटॅम, फॉसफेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट तिघांनीही जवळपास सारख्याच, निम्म्याच्या आसपास पेशंटांत झटके थांबवले. त्यामुळे कुठलं चांगलं यावर वाद घालण्यापेक्षा जे हाताशी आहे ते पूर्ण डोसमध्ये आणि वेळेत देणं महत्त्वाचं.

तोंडात चमचा, कांदा, चप्पल यांपैकी काहीही नाही, हे नातेवाइकांना समजावणं याच सत्रात घ्या. पेशंट कुशीवर वळवणं प्रत्येकाकडून एकदा करून घ्या.

दहा_वीस_इलेक्ट्रोड

ईईजी तंत्रज्ञ आहे, थोडक्यात लिहितो. विद्यार्थ्यांना रेषा वाचायला शिकवू नका, फॉर्म भरायला शिकवा. "रूल आउट एपिलेप्सी" एवढंच लिहिलेला फॉर्म आमच्या काहीच कामाचा नसतो. झटका कसा होता, शेवटचा कधी आला, कुठल्या गोळ्या चालू आहेत, एवढ्या तीन ओळी तरी हव्यात. पेशंटला सांगायचं: आदल्या दिवशी डोकं धुवा, तेल लावू नका, उपाशी येऊ नका, गोळ्या स्वतःहून बंद करू नका. सांगितलं असेल तर जागरण करून या, म्हणजे थोडी झोपेतली नोंद मिळते.

अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचाच पहिला साधा ईईजी दोष दाखवतो. नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं सांगून घरी पाठवणं चुकीचं. उलट बाजूनेही तेवढंच नुकसान होतं: मूल झोपेच्या उंबरठ्यावर असताना मोठ्या लहरी येतात, त्या नॉर्मल असतात, त्यावर "सीझर डिसऑर्डर" लिहून दोन-तीन वर्षांच्या गोळ्या मागे लागतात.

बालरोग_राजवाडा

ताई, मुलांचा एक भाग पहिल्या सत्रात बसवा. शाळेत "लक्ष नाही, टक लावून बसते" अशी तक्रार असलेल्या मुलीला ओपीडीतच तीन मिनिटं भिरभिऱ्यावर जोरजोरात फुंकर मारायला लावायची आणि मोठ्याने आकडे मोजत ऐकवायचे. मध्येच फुंकर थांबली, पापण्या फडफडल्या, तेवढ्यात उच्चारलेला आकडा नंतर तिला सांगता आला नाही, तर ॲब्सन्सचं (काही क्षण भान हरपण्याच्या झटक्याचं) निदान तिथल्या तिथे जवळपास ठरतं. पण झाबुआ, अलिराजपूर, बडवानीकडच्या मुलांत आधी सिकलसेल विचारा, माहीत नसेल तर तपासा. सिकलसेलमध्ये ही चाचणी करायची नाही, मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊन पक्षाघात होऊ शकतो.

सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळात तापासोबत आलेला एकच छोटा, सर्वांगाचा झटका म्हणजे अपस्मार नाही आणि त्याला रोजची गोळी लागत नाही. घरी ठेवायला नाकातल्या मिडॅझोलामचा फवारा, ०.२ मिग्रॅ प्रति किलो, निम्मा-निम्मा दोन नाकपुड्यांत. आईने ओपीडीत करून दाखवल्याशिवाय चिठ्ठी हातात द्यायची नाही. धडधाकट मूल, ताप नाही आणि अचानक झटका, तर देवघरातला कापूर खाल्ला का ते विचारा. कापराने काही मिनिटांतच झटके येतात. श्वासाला वासही येतो.

निमाड_स्त्रीरोग

तिसरं सत्र औषध आणि बोलणं यांचं असावं. मूल होऊ शकेल अशा वयाच्या मुलीला व्हॅल्प्रोएट लिहिण्याआधी हात थांबलाच पाहिजे: गरोदरपणी घेतल्यास सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग, आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या वाढीत आणि शिकण्यात अडथळे. शक्य तिथे लेव्हेटिरॅसिटॅम किंवा लॅमोट्रिजिन. त्यात लेव्हेटिरॅसिटॅमने चिडचिड, उदासी वाढते का ते दर वेळी विचारायचं, आणि लॅमोट्रिजिन अगदी सावकाश वाढवायचं, घाईने अंगावर गंभीर पुरळ येतं. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन चालू असताना गर्भनिरोधक गोळी फसते, हेही मुलींना स्पष्ट सांगायचं. दिवस गेल्यावर घाबरून गोळ्या बंद करणं सगळ्यात धोक्याचं, आणि हे वाक्य सासूसमोरही बोललं गेलं पाहिजे.

लग्न ठरताना लपवाछपवी होते. विद्यार्थ्यांना माहीत असावं की १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख काढला गेला. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये मात्र अपस्माराबद्दल थेट प्रश्न आहे. गाडी, विहीर, नदीत आंघोळ, चुलीसमोर एकटीने बसणं, गच्चीवर झोपणं हे विषय पेशंट काढत नाहीत, आपण काढायचे.

पलासिया_मेडिसिन

सगळ्यांचे मनापासून आभार. भिरभिरी आणि बारा अँप्यूल्स दोन्ही मागवते. दोन गोष्टी राहिल्या: परीक्षा, आणि सीटीत एक छोटी गाठ दिसली की काय शिकवायचं? "आम्ही शाकाहारी, आम्हाला हे कसं होईल" असं म्हणणारी घरं इथे खूप आहेत.

न्यूरो_मल्हारगंज

परीक्षेला सात-सात मिनिटांची चार स्टेशनं ठेवा. एकात शेजारच्या खोलीतून पीजी फोनवर "गावचा भाऊ" होऊन हिंदीत बोलेल, विचारल्याशिवाय काही सांगणार नाही. दुसऱ्यात स्टेटसची सिरिंज भरणं, साखर पाहिली नाही तर त्या स्टेशनचे गुण शून्य. तिसऱ्यात झटक्याचं चित्रण दाखवून फक्त वर्णन लिहायचं, निदानाला गुण नाहीत. चौथ्यात व्हॅल्प्रोएटवर असलेल्या, लग्न ठरलेल्या मुलीशी बोलणं.

गाठीबद्दल. न्यूरोसिस्टिसरकोसिस डुकराचं मांस खाऊन होत नाही. त्याने पोटात पट्टकृमी होतो. मेंदूत गाठ होते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, म्हणजे कृमी असलेल्या माणसाच्या हातातून, पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून. त्यामुळे शाकाहारी घरात हा आजार सहज सापडतो. घरात कोणाच्या शौचात कृमीचे तुकडे पडतात का विचारून त्यालाही औषध द्या.

गोल, नीट कडेची, २० मिमीपेक्षा लहान गाठ, मधली रेषा सरकलेली नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, तर सिस्टिसरकस (या कृमीची गाठ). मोठी, वेडीवाकडी, चिकटून वाढलेली असेल तर ट्युबरक्युलोमाचा (टीबीच्या गाठीचा) शोध घ्या; पण गाठ दिसली की टीबीची औषधं सुरू, असं नको. अल्बेन्डाझोल १५ मिग्रॅ प्रति किलो रोज, दोन वेळांत विभागून, जेवणासोबत, १० ते १४ दिवस, आणि स्टेरॉइड त्याच्या आधी. सुरू करण्यापूर्वी डोळ्याचा पडदा तपासलाच पाहिजे, डोळ्यात कृमी मेला तर दृष्टी जाते. मेंदूत भरपूर गाठी आणि सूज असेल तर अल्बेन्डाझोल द्यायचं नाही, आधी सूज उतरवायची. झटक्याची गोळी यासोबत चालू असतेच. नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ पूर्ण विरघळली आणि सहा महिने झटका नाही, तर गोळी हळूहळू कमी करता येते. कॅल्शियम साठून ठिपका राहिला असेल तर घाई करू नये, त्यांच्यात झटके परतण्याचं प्रमाण जास्त असतं.