गच्चीवर सेल्फ-वॉटरिंग वाफा, कोणी केलाय का?

रानमेवा_संभाजीनगर:
नमस्कार मंडळी. गच्चीवर मिरची, वांगी, टोमॅटो, पालक असं थोडंथोडं लावलंय पण एप्रिल सुरू झाला की सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही दुपारी झाडं माना टाकतात, आणि आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे वेगळं सांगायला नको. त्यात मे मध्ये गावी जायचं म्हणजे शेजारच्या काकूंना किती वेळा गळ घालणार. युट्युबवर ते खाली पाण्याचा साठा आणि वर माती असे वाफे बघितले, पाणी आपोआप वर चढतं म्हणे. चार बाय तीन फुटाचा एक विटांचा करावा, आत जाड प्लास्टिक, खाली सहा इंच खडी, वर फूट दीड फूट काळी माती असा विचार आहे. चालेल का? आणि डासांचं काय करता?

माळीबुवा_नाशिक:
ताई, वाफा करा पण खडी आणि काळी माती दोन्ही बाद करा. खडीत पाणी फक्त मधल्या फटींत राहतं, म्हणजे साठ्याच्या जागेतला जेमतेम ४० टक्के भाग पाण्याचा, बाकी नुसतं ओझं. त्याऐवजी प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या आडव्या ठेवा, पण त्यांना भोकं पाडा, नाहीतर त्या हवा धरून बसतात आणि पाणी आत जातच नाही. काळी माती भिजली की चिखल आणि सुकली की भेगा, मुळांना हवा मिळत नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत जास्त, माती अगदी थोडी, मूठभर निंबोळी पेंड, हे मिश्रण पाणी छान ओढतं. वरचा थर फूटभरच ठेवा, त्याच्या वर पाणी नीट चढत नाही, दीड फूट केलात तर वरचं कोरडंच राहणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओव्हरफ्लो, साठा जिथे संपतो त्या उंचीवर बाजूला एक भोक आणि त्याला पाइपचा तुकडा, हे नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात मुळं सडली म्हणून समजा.

बीम_कॉलम:
सगळे पाण्याचं बोलताय, वजनाचं कोणीच नाही. मी सिव्हिलवाला आहे म्हणून आधी तेच दिसतं. ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात लाइव्ह लोड (म्हणजे स्लॅबवर येणाऱ्या माणसांचं-सामानाचं वजन) चौरस मीटरला साधारण १५० किलो धरलेला असतो. तुमचा ४ बाय ३ म्हणजे १.१ चौरस मीटर, त्यात सहा इंच खडी, तिच्यातलं पाणी आणि फूटभर ओली माती म्हटलं तरी ९०० किलोच्या आसपास जातं, विटा वेगळ्याच. स्लॅबच्या मधोमध हे ठेवू नका प्लीज. दोनशे लिटरचं निळं पिंप मिळतं ना, ते अर्धं कापून दोन करा आणि भिंतीच्या कडेने, जिथे खाली बीम आहे तिथे, लांब लांब ठेवा. बिल्डिंग जुनी असेल किंवा गळती असेल तर आधी इंजिनियरला दाखवून घ्या.

अक्का_सोलापूर:
एवढा खटाटोप कशाला गं, साधं भाजलेलं मातीचं मडकं कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकण ठेवायचं, झालं काम. रंग दिलेलं किंवा चकाकी असलेलं घेऊ नको, ते झिरपत नाही. आमच्याकडे भोपळ्याच्या आळ्यात असंच करायचे.

रानमेवा_संभाजीनगर:
बापरे ९०० किलो! विटांचा प्लॅन रद्द, पिंपच करते. अक्का, मडकं एका कुंडीत करून बघतेच. माळीबुवा, बाटल्यांच्या वर कापड अंथरलं तर पाणी वर कसं चढणार? वात लावायची का? आणि गावी गेल्यावर किती दिवस पुरेल?

माळीबुवा_नाशिक:
वात लावली तरी सुती नको, कुजते. त्यापेक्षा भोकं पाडलेला दह्याचा डबा घ्या, कोकोपीट ठासून भरा आणि बाटल्यांच्या मध्ये तळाला टेकेल असा उभा ठेवा, त्याचं तोंड वरच्या मातीला मिळालं पाहिजे, पाणी तिथूनच चढतं. बाकी बाटल्यांवर शेडनेट (सावलीसाठी बांधतात ती जाळी) दुहेरी करून टाका, माती खाली गळत नाही. अर्ध्या पिंपात वीसेक लिटर पाणी राहतं, मोठी वांगी असतील तर मे मध्ये आठवडाभर धरा, पालक असेल तर जास्त. वर उसाचं पाचट किंवा पालापाचोळा अंथरलात तर अजून टिकेल.
डासांसाठी, खालच्या साठ्यात पाणी भरायला जो उभा पाइप ठेवाल त्याला घट्ट बूच आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, म्हणून यात आळस नको.
आणि हो, बी पेरलं की लगेच खालच्या पाण्यावर सोडू नका, वरचा थर कोरडा असतो, रोप हातभर होईपर्यंत वरूनच पाणी द्या. बोअरचं पाणी असेल तर क्षार वर येऊन पांढरी पापडी धरते, मग अधूनमधून वरून भरपूर पाणी ओतून ओव्हरफ्लोने जाऊ द्यायचं. पावसाळ्यात ते आपोआप होतं.

रानमेवा_संभाजीनगर:
पिंप कापायला कोणती करवत वापरता? घरी लोखंड कापायचं हॅक्सॉ आहे.

बीम_कॉलम:
चालतं, वेळ लागतो एवढंच. ग्राइंडर नको, प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं. आणि पिंपात आधी काय होतं ते विचारून घ्या, केमिकलचं असेल तर भाजीला नकोच, फूड ग्रेडचं, म्हणजे खाण्याच्या वस्तू ठेवायचं, बघा.