फॅमिली ग्रुप: तन्वीच्या नडगीवरून झालेली चर्चा

ग्रुप: घरचे सगळे (फॉरवर्ड बंद!!)

मेघना: सगळ्यांना सांगून ठेवते. तन्वीची उजवी नडगी परत दुखतेय. ह्या वेळी एकाच जागी, बोट ठेवलं की ओरडते. शाळेच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरने प्रॅक्टिसमधून बाहेर बसवलंय आणि कोच म्हणतेय सेक्शन्सपर्यंत बघू. सेक्शन्स, म्हणजे राज्य स्पर्धेच्या (स्टेटच्या) आधीची डान्सची विभागीय स्पर्धा, पुढच्या शनिवारी. मला काही सुचत नाहीये. निखिल मीटिंगमध्ये आहे, नेहमीप्रमाणे.

निखिल: मीटिंगमध्ये आहे. वाचतोय.

स्मिताताई: एमआरआय कधी?

अविनाशदादा: मेघना, घाबरू नकोस. डान्स टीममधल्या सगळ्याच पोरींच्या नडग्या दुखतात. आमच्या श्रुतीने चार सीझन काढले. बर्फ लाव, टेप मार, दोन दिवस आराम. होईल ठीक.

स्मिताताई: दादा, शिन स्प्लिंटचं, म्हणजे जास्त ताणाने नडगी दुखते त्याचं, दुखणं नडगीभर पसरतं. बोटाने दाखवता येईल अशा एका जागी दुखत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्यावीच लागते. एमआरआय कधी?

मेघना: एक्स-रे काढला ताई. नॉर्मल आला.

स्मिताताई: सुरुवातीला एक्स-रे बऱ्याचदा नॉर्मलच येतो. म्हणून तर विचारतेय. आणि दुखतंय कुठे, नडगीच्या पुढच्या धारेवर की आतल्या बाजूला? पुढे असेल तर हाड भरायला फार वेळ लागतो. नाचत राहिली तर पूर्ण मोडूही शकतं.

बाळकाका: 🌹🌹 सुप्रभात 🌹🌹
(फोटो)

रोहन: काका ग्रुपचं नाव वाचा 🙏

बाळकाका: वाचलं. हा फॉरवर्ड नाही, मी स्वतः बनवलाय. बरं, हाय किक म्हणजे तेच ना, ओळीत उभं राहून लाथा मारायच्या? एवढ्या लाथा आमच्या वेळी फक्त मास्तर मारायचे 😄

मेघना: काका, नंतर.

श्रुती: बाळआजोबा, दोन मिनिटं पूर्ण ताकदीने करून बघा. शेजारणीच्या खांद्यावर हात, वरचं अंग हलता कामा नये, पाय नाकासमोर, सगळ्यांचा एकाच उंचीवर, एकाच काउंटला. मध्ये जंप स्प्लिट्स, म्हणजे उडी मारून थेट जमिनीवर स्प्लिट. आणि हे सगळं हसत.

बाळकाका: मला खुर्चीतून उठतानाच हसू जातं. पण मी वाचलंय की अमेरिकन कोर्टाने सांगितलंय हा खेळ नाही म्हणून.

रोहन: ती 2010 ची क्विनिपिअ‍ॅक युनिव्हर्सिटीची केस. ते कॉलेज होतं आणि ते चिअरलीडिंग होतं. टायटल नाइनखाली (शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभाव नको म्हणणारा कायदा) मुलींचा खेळ म्हणून मोजता येईल इतकं ते अजून नीट बांधलेलं नाही असं जज म्हणाले. तन्वीकडे मिनेसोटात डान्सची स्पर्धा स्टेट हायस्कूल लीगच भरवते, बास्केटबॉलसारखीच. एक दिवस जॅझ, एक दिवस हाय किक.

अविनाशदादा: आमच्या टेक्सासात तर ह्याची परंपरा फार जुनी. किलगोर कॉलेजची रेंजरेट्स, 1940. गसी नेल डेव्हिस नावाच्या बाईंनी सुरू केली. फुटबॉलच्या हाफटाइमला लोक उठून दारू प्यायला जायचे, त्यांना जागेवर बसवायला म्हणे. ड्रिल टीम म्हणजे ओळीत कवायतीसारखं नाचणारी टीम, तिथेही हीच किक लाइन.

स्मिताताई: छान. एमआरआय कधी?

मेघना: ताई, पेडियाट्रिशियनकडून रेफरल लागतो. फोन केलाय, अजून उलट फोन नाही. आणि कोचशी बोलायचं म्हणजे माझ्या पोटात गोळा येतो. टाइट्सचं झाल्यापासून ती मला फक्त "हाय मेघना" म्हणते आणि पुढे जाते.

बाळकाका: टाइट्सचं काय झालं?

निखिल: काका, ते जाऊ दे आता.

श्रुती: का जाऊ दे? अख्ख्या टीमला एकाच शेडची "स्किन" टाइट्स. स्किन कुणाची, तर तन्वीची नक्कीच नाही. हात एका रंगाचे, पाय दुसऱ्याच मुलीचे. काकूने विचारलं तर उत्तर आलं, जजेसना युनिफॉर्म लुक लागतो. आर्थर मिचेलच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमने 1970 च्या दशकातच ज्याच्या त्याच्या रंगाची टाइट्स आणि बूट सुरू केले. बॅलेवाले सुद्धा हळूहळू सुधारतायत. हायस्कूलला कधी कळणार?

बाळकाका: मग सगळ्या पालकांनी मिळून तक्रार करायची ना. एकत्र उभं राहा!

अविनाशदादा: काका, एकत्र उभं राहून काय होतं ते 2015 ला बघितलंय आम्ही. मिनेसोटात स्टेटच्या हाय किक फायनलला पाच टीम्सनी ठरवलं की जिंकलेल्या टीमने दुसऱ्या राज्यातल्या शाळेचा डान्स उचललाय. बक्षिसाच्या वेळी ओळीत यायचं सोडून हातात हात घालून बाजूला उभ्या राहिल्या. लीगने आधीच चौकशी करून नियमभंग नाही म्हटलं होतं. पाचही टीम्स डिसक्वालिफाय.

श्रुती: बाबा, मी तेव्हा ज्युनिअर (अकरावीत) होते. त्या मुलींना चूक म्हणा, पण जिंकलेल्या मुलींच्या तोंडाकडे कुणी बघितलं? सोळा-सतरा वर्षांच्या पोरी. मेडल गळ्यात आणि रडतायत. दोन्हीकडच्या मोठ्यांनी काय केलं ते बोला.

अविनाशदादा: विषय तक्रारीचा होता.

स्मिताताई: विषय नडगीचा होता. एमआरआय कधी?

रोहन: आत्या 😂

स्मिताताई: हसू नकोस. मेघना, स्पष्ट विचारते. जेवते का नीट? आणि पाळी नियमित आहे का?

(बराच वेळ कुणीच काही लिहीत नाही.)

अविनाशदादा: स्मिता, हे ग्रुपवर कशाला?

स्मिताताई: कारण ग्रुपवर सगळे टेप मार, बर्फ लाव सांगतायत. व्यायाम भरपूर आणि खाणं त्या मानाने कमी असलं की शरीर काटकसर करतं. पाळी लांबते किंवा थांबते आणि हाडं कमजोर होतात. 2014 मध्ये ऑलिंपिक कमिटीने त्याला रेड-एस नाव दिलं. नाचणाऱ्या, पळणाऱ्या मुलींमध्ये वारंवार दिसतं. कोच "लाइन" (शरीराची रेषा) म्हणतात, मुली "बारीक" असं ऐकतात.

बाळकाका: मी जरा फिरून येतो.

आजी: मी व्हॉइसने लिहिते आहे पोरीला रागावू नका कुणी तिला नाच आवडतो तो तिच्या आजोबांकडून आला पूर्णविराम

तन्वी: मी पण ह्या ग्रुपवर आहे. FYI.

मेघना: तनू, तू क्लासमध्ये ना आत्ता?

तन्वी: लंच. आणि हो, खाते आहे. आणि आत्या, दुसऱ्याचं उत्तर मी तुला पर्सनलवर देते, ओके?

स्मिताताई: शहाणी आहेस. वाट बघते.

तन्वी: मला एवढंच सांगायचंय की मी हट्ट नाही करत. पण मी बाहेर गेले तर फक्त मी नाही जात. किक लाइनमध्ये माझ्या डावीकडे फ्रेशमन (नववीतली) आहे. ती माझ्या खांद्यावर वजन टाकूनच डावी किक वर नेते, तशीच सवय झालीय तिला. तिला दुसरी शेजारीण दिली तर तिची उंची बदलते, मग पूर्ण री-ब्लॉक, म्हणजे सगळ्यांच्या जागा नव्याने. जॅझमध्ये टर्न सेक्शनला, म्हणजे गिरक्यांच्या भागाला, मी सेंटरला आहे. एका आठवड्यात कोण शिकणार?

श्रुती: ऑल्टरनेट्स, म्हणजे राखीव मुली, आहेत ना?

तन्वी: एक आहे. चांगली आहे. तिला सगळे काउंट्स येतात, पण जागा नाही येत.

अविनाशदादा: बघा! म्हणून मी म्हणतोय, सेक्शन्सपुरतं टेप करून उतरू दे. स्टेट मिळालं तर मग मध्ये आराम.

श्रुती: बाबा, प्लीज.

अविनाशदादा: काय प्लीज? तूही सीनिअर वर्षाला पाठ दुखत असताना स्टेट केलंस. अभिमान आहे मला.

श्रुती: आणि नंतर कळलं कण्याच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. पाठीमागे वाकून लीप करून करून. सगळे म्हणत होते मसल आहे. आजही विमानात दोन तास सलग बसता येत नाही मला. तुम्हाला वाटतं मी आयल सीट हौसेने घेते?

अविनाशदादा: हे तू मला कधी बोलली नाहीस.

श्रुती: बोलले होते. तुम्ही स्टेटचा व्हिडिओ लावलात.

रोहन: ओके लोकहो

निखिल: मीटिंग संपली. रेफरल आला. एमआरआय गुरुवारी सकाळी 7:40. मी घेऊन जातोय. तोपर्यंत डान्स नाही, मार्कसुद्धा नाही.

तन्वी: बाबा, मार्क करायला काय होतंय? फक्त हाताने, चालत चालत. पाय वर नाही नेणार.

स्मिताताई: चालून दुखत असेल तर तेही नाही. गुरुवारनंतर बोलू.

मेघना: कोचला मी ईमेल करते. निखिल, तूही सीसीमध्ये राहा, नाहीतर मी एकटीच वाईट होते.

निखिल: हो.

मेघना: लिहून ठेव म्हणजे रोहन स्क्रीनशॉट काढेल.

रोहन: काढला.

अविनाशदादा: ठीक आहे. पण मी स्टेटसाठी येण्याचं विमानाचं तिकीट काढलंय, ते नॉन-रिफंडेबल आहे.

मेघना: तरीच.

अविनाशदादा: तरीच म्हणजे?

मेघना: काही नाही दादा. या ना, राहा आमच्याकडे. टीम नाचेलच, तन्वी असो नसो. गेस्ट रूम तयार आहे.

श्रुती: मीही येते. आयल सीट.

बाळकाका: फिरून आलो. काय ठरलं? आणि सेक्शन्स लाइव्ह दिसतात का? तन्वी बसलेली असली तर कॅमेऱ्यात येईल का?

तन्वी: आले तर टीम जॅकेटमध्ये, अगदी कडेला. फाइव्ह-सिक्स-सेव्हन-एट सगळ्यात मोठ्याने ओरडणारी मीच असेन.

बाळकाका: मग लिंक टाक.

रोहन: काका, लिंकला पैसे लागतात.

बाळकाका: अच्छा. मग रेकॉर्डिंग टाका कुणीतरी.