फ्लोअर हीटिंगच्या कोब्यावर टाईल्स: घाई होतेय का?

नाशिककर_जर्मनीत:
श्टुटगार्टजवळ घर बांधतोय, तळमजला साधारण ७० चौरस मीटर, सगळीकडे फरशीखालून गरम पाण्याचे पाईप. वरचा सिमेंटचा कोबा (इथे एस्ट्रिख म्हणतात) टाकून ५ आठवडे झाले, हीटिंगवाल्याने आठवडाभर गरम करून कागदही दिला. टाईलवाला म्हणतो पुढच्या सोमवारी सुरू करू. टाईल्स ६० बाय १२० च्या. आणि नाशिकचे काका, २५ वर्षं फरशीचीच कामं करतात, ते म्हणतात सिमेंटची स्लरी ओतून बसवा, बाकी चोचले कशाला. काय करू?

कोबा_आणि_करणी:
थांबा. तो कागद बहुतेक फुंक्ट्सिओन्सहाइत्सनचा असेल, म्हणजे ३ दिवस २५ डिग्रीचं पाणी आणि मग ४ दिवस फुल. त्यात फक्त सिस्टिम नीट चालते का ते कळतं, कोबा वाळला असं त्यातून सिद्ध होत नाही. वाळवायला वेगळं बेलेगराइफहाइत्सन करतात आणि त्यानंतर सीएम टेस्ट. कोब्याचा खालपर्यंतचा तुकडा काढून कार्बाइडबरोबर बाटलीत हलवतात, गॅसच्या दाबावरून ओल कळते. हीटिंगवाल्या सिमेंट कोब्याला १.८ सीएम टक्क्यांच्या आत हवी. तुकडा कुठून काढायचा ते हीटिंगवाल्याने खुणा केल्यात तिथूनच, नाहीतर पाईप फुटेल.

वैनी_म्युनिक:
आमच्याकडे ओल ठीक होती तरी पहिल्याच हिवाळ्यात किचनच्या दारात सरळ रेषेत ६ टाईल्स तडकल्या. कोब्यात दाराखाली सांधा (कोब्याला फुगायला सोडलेली फट) सोडलेला होता आणि कारागिराने त्याच्यावरूनच अख्ख्या टाईल्स टाकल्या, दिसायला छान दिसतं म्हणून! मला इतकं वाईट वाटलं होतं. कोब्यातला सांधा टाईलमधेही तिथेच वर आला पाहिजे आणि त्यात ग्राउट नाही, सिलिकॉन. भिंतीकडेची फोमची पट्टी पण टाईल्स आणि ग्राउट झाल्यावरच कापायची, आधी कापली तर फटीत मसाला जातो आणि फरशीला फुगायला जागाच राहत नाही.

कोबा_आणि_करणी:
वैनी अगदी बरोबर. आणि काकांचा अनुभव मोठाच आहे पण नाशिकला खालून कोणी फरशी तापवत नाही हो. इथे रोज ताण येतो, म्हणून लवचिक ॲडेसिव्ह, पिशवीवर सी२ एस१ लिहिलेलं बघा. एवढ्या मोठ्या टाईलला कोब्यावर दातेरी करणीने आणि टाईलच्या पाठीला पण, दोन्हीकडे लावायला सांगा. पोकळ राहिलं तर तिथे उष्णता वर येत नाही, शिवाय टाईल वाजते.

नाशिककर_जर्मनीत:
बापरे, सांध्याचं तर डोक्यातच नव्हतं. आत्ताच जाऊन बघितलं, हॉलच्या दारात आहे सांधा. टाईलवाल्याला फोन करून सोमवार रद्द केला, आधी सीएम टेस्ट. बसवल्यावर हीटिंग कधी चालू करू?

कोबा_आणि_करणी:
ॲडेसिव्हच्या पिशवीवर दिवस दिलेले असतात तेवढे पूर्ण होऊ द्या, कितीही थंडी असली तरी. मग कमी तापमानापासून सुरू करून रोज ५ डिग्री चढवा. टेस्टचा आकडा आला की इथे टाका.