चामड्याच्या मुठीचा जुना खंजीर, मदत हवी आहे
फोंड्यात जुन्या घराचा माळा साफ करताना एक खंजीर मिळालाय. पातं दोन्हीकडून धारेचं, साडेसहा इंच (लायसन्सच्या नऊ इंचांच्या मर्यादेच्या आत आहे, तेव्हा तो विषय कोणी काढू नका), मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक ओवून केलेली आणि टोकाला लोखंडी टोपी ठोकून बसवलीय. अमेरिकन एम३ ची (दुसऱ्या महायुद्धातला लष्करी खंजीर) मूठ अशीच असते म्हणून आधी तेच वाटलं, पण त्याची एक धार अर्धीच असते आणि पात्यावर नाहीतर पातं आणि मुठीमधल्या आडव्या पट्टीवर शिक्का असतो, इथे पट्टी पितळेची आणि अगदी कोरी. म्यान नाही.

गंज रॉकेल आणि बारीक स्टील वूलने काढला, पॉलिश पेपर मुद्दाम नाही लावला, कुठे पुसट शिक्का असला तर तोच जायचा. पितळेला चामडं टेकतं तिथे हिरवं मेणासारखं काहीतरी येतं, काडीने खरवडलं की आठवड्यात परत हजर. चकत्या आक्रसून मूठ हातात फिरते. खोबरेल लावलं ही माझी चूक, आता पावसात वर पांढरी बुरशी.

विकायचा नाहीय. टोपी न कापता चकत्या घट्ट कशा करायच्या, आणि हा नेमका कुठला असेल?