मदत हवी आहे: आई एकटी अमेरिकेला चालली आहे, नेवार्कला इमिग्रेशन आणि मग पुढचं विमान

नमस्कार मंडळी,

माझी आई (वय ६८) पुढच्या महिन्यात भावाकडे रॅलेला चालली आहे. कोल्हापूरहून मुंबईपर्यंत मी सोबत आहे. पुढे ती एकटी, मुंबई ते नेवार्क आणि तिथून रॅले. तिकीट एकाच पीएनआरवर, मधे २ तास ४० मिनिटं.

मुंबईत बॅगांना रॅलेचा टॅग लागतो, म्हणून त्या थेट तिथेच मिळतील असं मला वाटत होतं. तसं नाही. अमेरिकेत विमान पहिल्यांदा जिथं उतरतं तिथंच इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून आपल्या बॅगा आपणच उचलायच्या, कस्टम्समधून न्यायच्या, पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या आणि पुन्हा सिक्युरिटी. दुबईला नुसतं विमान बदललं तर यातलं बॅगांचं काहीच करावं लागत नाही, म्हणून गल्लीतले जाऊन आलेले लोकही "बॅगांचं टेन्शन घेऊ नका" म्हणतात. व्हीलचेअर मागितली आहे. आई रोज रंकाळ्यावर चालते, पण इंग्रजी येत नाही, सोबत कुणीतरी हवं.

खरी धास्ती बोटांची आहे. आईनं सुभाषनगरात चाळीस वर्षं चपलांच्या वेण्या घातल्या. चामडं ओढून ओढून बोटं गुळगुळीत झालीत. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही, व्हिसाच्या वेळीही दहा बोटं तीनदा पुसून दाबून घेतली. मी रोज रात्री तिच्या बोटांना खोबरेल चोळते. नेवार्कला ठसे उमटलेच नाहीत तर आत वेगळ्या खोलीत बसवतात म्हणे. कुणाच्या आईवडिलांना असं बसावं लागलंय का? किती वेळ गेला? पुढचं विमान चुकल्यावर त्याच तिकिटावर दुसरं मिळालं का?

कुणाकडे, किती दिवस, हे विचारतात म्हणून "सन, फोर मंथ्स" तिच्याकडून पाठ करून घेतलंय. भावाचा पत्ता, फोन आणि परतीचं तिकीट पासपोर्टच्या पाकिटातच आहे. सुकं मटण मी बॅगेतून काढलं, मांसाचं काही नेऊ देत नाहीत. भाऊ हिरमुसला, पण इलाज नाही. कांदा-लसूण मसाला आणि गूळ ठेवलाय. खाण्याचं आहे का विचारलं तर सरळ हो म्हण, असं तिला बजावलंय.

इमिग्रेशनच्या हॉलमध्ये फोन वापरू देत नाहीत, म्हणजे भावाला लावून देता येणार नाही. मग मराठी किंवा निदान हिंदी बोलणारं कुणी मिळतं का? आधी कळवून ठेवायची काही सोय आहे का?